लागला का?

१९९१ सालची संक्रांत होऊन पाच दिवस झाले होते. शनिवार होता. सकाळी सातला शिरूरच्या एसटी स्टँडवर आम्ही दहा पोरं आणि सर असे अकरा जण थंडीत काकडत उभे होतो. कॉलेजचा कबड्डीचा संघ दौंडला निघाला होता. शनिवार-रविवार दोन दिवस खेळायचं आणि सोमवारी सकाळी परत, असा बेत होता.

आता शिरूरहून दौंड म्हणजे काही परमुलूख नाही. एकाच जिल्ह्यातले दोन तालुके. पण आम्ही वाडी-वस्तीवरची पोरं. आमच्या आजीच्या तोंडी तर शिरूर हे नावसुद्धा नसायचं. ती घोडनदीच म्हणायची. "घोडनदीला बाजाराला चालले," असं. नदीच्या अलीकडं आपण, पलीकडं नगर जिल्हा, एवढाच तिचा भूगोल. माझा त्याहून फार मोठा होता असं नाही. रात्री मुक्कामाला दुसऱ्या गावी जायचं ते लग्नाला नाहीतर मयतीला. खेळायला म्हणून मुक्कामी निघालो ते पहिल्यांदाच.

वडलांनी चाळीस रुपये दिले होते. दुधाच्या पगारातले. देताना म्हणाले, "ह्यात दोन दिवस भागव. उरलं तर माघारी आण." आणि स्वतःच्या गळ्यातला तपकिरी मफलर काढून माझ्या गळ्यात घातला. तसं त्यांनी कधी केलं नव्हतं. पोरगं कॉलेजकडून खेळायला चाललंय याचं त्यांना बरं वाटत होतं, पण तोंडानं बोलायची रीत आमच्या घरात नव्हती.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. शुक्रवारी रात्री गव्हाला पाणी होतं. लाईट रात्रीची, म्हणून दारं धरायला मीच गेलो होतो. पहाटेपर्यंत गुडघ्याएवढ्या गारठ्यात पायाखाली पाणी. सकाळी उठलो तर अंग मोडून आलेलं आणि घसा धरलेला. हात कपाळाला लावला, तर हातच गरम, कळणार काय? सरांना सांगितलं असतं तर त्यांनी मला बाहेर बसवलं असतं. कबड्डीत आत सात जण खेळतात. बाहेर बसलेल्या तिघांपैकी एक जण माझ्याच जागेवर डोळा ठेवून दोन वर्षं थांबला होता. म्हणून गप्प बसलो. मफलर नाकापर्यंत ओढला आणि गाडीत चढलो.

आमच्या संघात नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. जो ज्या जागेवर खेळतो ते त्याचं नाव. मी उजवा कोपरा, म्हणून मला 'कोपऱ्या' म्हणायचे. माझ्या शेजारी साखळीला उभा राहायचा तो 'कव्हर'. त्याचा नि माझा हात गेली दीड वर्षं एकमेकांत अडकलेला. चढाई करणारा आला की त्याची बोटं आवळली की समजायचं, आता झेप घ्यायची. ढिली पडली की थांबायचं. तोंडानं बोलायची गरज पडायची नाही. भावाभावांत नसतं एवढं आमच्या हातांचं जमायचं.

गाडी न्हावऱ्यावरून चौफुल्याला निघाली. रस्ताभर उसाच्या बैलगाड्या. सरांनी मांडीवर छोटा ट्रान्झिस्टर ठेवला होता. आखातात युद्ध सुरू होऊन दोनच दिवस झाले होते, त्यामुळं कंडक्टरसकट अर्धी गाडी त्या ट्रान्झिस्टरकडं कान लावून होती. बातम्या संपल्या की सरांचा विषय कबड्डी. तीनच महिन्यांपूर्वी बीजिंगला एशियाड झालं होतं. त्यात कबड्डी पहिल्यांदा पदकासाठी खेळली गेली आणि भारतानं सुवर्ण आणलं. सर सांगायचे, "अरे, छत्तीस साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं जाऊन हा खेळ दाखवून आली होती. तिथून बीजिंगला पोचायला चोपन्न वर्षं लागली. तुम्हाला शिरूरहून दौंडला जायचंय, तरी निम्म्यांनी आंघोळ केली नाही." सगळे हसले. मीही हसलो, पण हसताना छातीत कळ आली.

भीमा ओलांडताना कव्हर म्हणाला, "कोपऱ्या, मपली घोड फुडं हिलाच मिळती ना?" म्हटलं, "व्हय. दौंडला पोचतंय त्यातलं निम्मं पाणी आपलंच." त्याला ते फार आवडलं. मग दौंड येईपर्यंत तो प्रत्येकाला तेच सांगत बसला.

दौंड बघून आम्ही दबकलोच. शिरूरला रेल्वे नाही. आमच्यातल्या चौघांनी आगगाडी जवळून पाहिलीच नव्हती. इथं तर गावाचा अर्धा जीव रुळांवर. पुण्याकडून येणारी गाडी मनमाडला वळायची तर इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं, मग जिकडून आली त्याच तोंडानं माघारी फिरून नगरच्या रुळाला लागायचं. आम्ही पुलावर उभे राहून अर्धा तास तेच बघत बसलो. सरांनी ओरडून हाकललं तेव्हा मैदानावर गेलो.

मैदान चांगलं केलं होतं. माती चाळून, पाणी मारून बसवलेली. पायाला मऊ लागत होती. फक्कीच्या रेषा नुकत्याच मारल्या होत्या. त्या मारत होता एक पोरगा, आमच्याच वयाचा, सावळा, काटक. कंबरेत वाकून, एका हातानं डबा हलवत, दोरीला धरून तो निदानरेषा ओढत होता. त्याचं नाव मला चांगलं आठवतं. पण इथं लिहीत नाही. का, ते पुढं येईलच. तो रेल्वे कॉलनीच्या पोरांच्या संघाचा चढाईपटू होता, हे संध्याकाळी कळलं.

त्या संध्याकाळी आमचा पहिला सामना एका गावाकडच्या संघाशी झाला. आम्ही जिंकलो. मी दोन पकडी केल्या. अंगात ताप होता पण खेळताना कळलं नाही. घाम आला, वाटलं उतरला. सामना संपला, अंगावर वारं आलं आणि दात वाजायला लागले. मुक्काम शाळेच्या एका खोलीत होता. खाली फरशी, तिच्यावर ताडपत्री. मी भिंतीला टेकून बसलो तो मला उठताच येईना. सरांनी कपाळाला हात लावला आणि मला दोन शिव्या दिल्या. दौंडच्या पोरांपुढं दिल्या, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

पाण्याची घागर घेऊन तो फक्कीवाला पोरगा तिथंच आला होता. तो सरांना म्हणाला, "सर, ह्याला आमच्या घरी नेतो. इथं फरशीवर वाढेल ताप. आई बघील."

सर म्हणाले, "एकट्याला नको." आणि कव्हरला माझ्याबरोबर धाडलं.

रेल्वेचं क्वार्टर म्हणजे पुढं एक खोली, मागं स्वयंपाकाची जागा, आणि परसात बंब. त्याच्या आईनं आम्हाला बघितलं आणि काही विचारलं नाही. आधी गरम पाणी दिलं, हात-पाय धुवायला लावले. मग बाजरीची भाकरी, पावट्याची आमटी आणि तिळाची चटणी. मला भाकरी जाईना, तर तिनं आमटीत कुस्करून दिली. लहान पोराला देतात तशी. त्यानंतर आल्याचा, गवती चहाचा काढा. एक क्रोसिनची गोळी. आणि मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या. आम्ही तिला मावशी म्हणालो. ती मला 'पोरा' म्हणाली.

निजायच्या आधी तिनं डब्यातून तिळाचे लाडू काढले. "रथसप्तमी व्हायचीय अजून. घ्या," म्हणाली. "तिळगूळ घ्या, गोड बोला." आम्ही तिघांनी एकमेकांना दिले, खाली वाकून तिच्या पाया पडलो. तिचा पोरगा मला हसत म्हणाला, "उद्या समोरासमोर आलो तर गोड बोलायचं नाही बरं का. तिळगूळ घरातला, मैदानातला नाही."

रात्रभर शंटिंगचे आवाज येत होते. डबे एकमेकांवर आदळले की भिंत हलायची. मला जाग यायची, तर प्रत्येक वेळी कपाळावरची पट्टी ओली असायची. म्हणजे मावशी उठून बदलत होती.

पहाटे त्याचे वडील ड्युटीवरून आले. ते गँगमन होते. अंगात जाड कोट, डोक्याला मफलर गुंडाळलेला, हातात बत्ती, खांद्याला पिशवी. चुलीपुढं बसून त्यांनी चहा घेतला आणि मी जागा आहे हे बघून माझ्याशी बोलायला लागले. मी विचारलं, "काका, रात्रीचं काय काम असतं?"

ते म्हणाले, "चालायचं."

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. थंडीत रूळ आकसतो. उन्हाळ्यात पसरतो, हिवाळ्यात आकसतो. आकसला की जोडाला, वेल्डिंगला ताण येतो, कधी कधी चीर जाते. रात्री, पहाटे जास्त. म्हणून हिवाळ्यात रोज रात्री गँगमननं आपल्या वाट्याचे रूळ पायी चालून तपासायचे. बत्ती रुळावर धरायची आणि बघत जायचं. चीर दिसली तर एकानं लाल बत्ती घेऊन पुढं पळायचं, रुळावर फटाके लावायचे. गाडीचं चाक त्यावर गेलं की आवाज होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. पिशवीत ते फटाके होते. त्यांनी मला लांबूनच दाखवले.

कव्हर उठून बसला होता. त्यानं विचारलं, "काका, एवढ्या रात्री तुम्ही चालला का नाही हे बघाया कोण येतं?"

ते म्हणाले, "कोण येणार?" आणि बशीतला चहा संपवून ते झोपायला गेले.

मला वाटतं त्यांना त्या बोलण्यात काही विशेष सांगायचं नव्हतं. कव्हरनं विचारलं, त्यांनी उत्तर दिलं. एवढंच. पण मला ते दोन शब्द गेली तेहतीस-चौतीस वर्षं विसरता आलेले नाहीत, आणि त्याला कारण त्याच दिवशी दुपारी घडलं.

सकाळी ताप उतरला होता. सकाळच्या सामन्यात सरांनी मला बाहेर बसवलं. तो सामना आम्ही कसाबसा जिंकलो. दुपारी तीनला सेमीफायनल होती. समोर रेल्वे कॉलनी. सरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "सर, ठणठणीत आहे." त्यांनी आत घेतलं.

मैदानाभोवती माणूस मावत नव्हतं. सगळे त्यांचेच. झाडावर पोरं चढलेली. मावशी आली नव्हती, बायका तेव्हा कबड्डी बघायला फारशा येत नसत. काका मात्र होते. झोप झाली नसणार, डोळे लाल होते. माझ्याकडं बघून त्यांनी हात केला.

सामना असा झाला की आजही अंगावर काटा येतो. आधी त्यांनी आमच्यावर लोण दिला. मध्यंतरानंतर आम्ही फेडला. शेवटचं मिनिट लागलं तेव्हा आम्ही बावीस, ते एकवीस. एका गुणानं आम्ही पुढं. शेवटची चढाई त्यांची. आणि आला कोण? तोच.

आत आम्ही पाच जण होतो. सहापेक्षा कमी, म्हणजे बोनस नाही. त्याला गुण घ्यायचा तर कुणाला तरी शिवूनच जावं लागणार होतं. शिवून गेला असता तर बरोबरी. बरोबरी झाली की पाच-पाच चढाया, आणि मग जो जिंकेल तो. हे मी मुद्दाम लिहितोय. म्हणजे त्या एका स्पर्शानं आम्ही हरलोच असतो असं नव्हतं. आम्हाला पुन्हा खेळून जिंकता आलं असतं.

तो डाव्या अंगानं गेला, तिथं पाय टाकला, सगळे तिकडं सरकले. मग तो गर्रकन वळला आणि माझ्याकडं हात मारला. कव्हरनं मला मागं ओढलं. मी गेलो मागं, पण अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या वर, त्याच्या दोन बोटांची टोकं घासून गेली. घामानं भिजलेली, गरम बोटं. जोरात नाही. पाण्यात मासोळी पायाला लागून जावी तेवढंच. तो उडी मारून मध्यरेषेपलीकडं गेला आणि त्यानं हात वर केला.

सगळं मैदान ओरडलं, "लागला! लागला!"

पंच पलीकडच्या बाजूला होते. मध्ये माझीच पाठ आलेली. त्यांना दिसलं नव्हतं. ओरडण्यावर गुण द्यायचा तर यजमानांचीच माणसं ओरडत होती. नियमात असं खेळाडूला विचारणं नसतं. पण गावाकडच्या मैदानात ती रीत होती, आणि त्या रीतीवरच आमचा सगळा खेळ चाललेला असायचा. शिवला गेलेला माणूस स्वतःच हात वर करून बाहेर जायचा. पंच लागायचे ते भांडणापुरते.

पंच माझ्याजवळ आले. म्हणाले, "लागला का?"

माझी मान हलली. नाही म्हणून. मी हलवली असं म्हणत नाही, ती हलली.

पंचांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि परत विचारलं, "पोरा, लागला का तुला?"

आता मला वेळ मिळाला होता. मला कुणी घाई केली नव्हती. आणि मी तोंडानं, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणालो, "नाही लागला."

पहिल्यांदा मान खोटं बोलली असेल. दुसऱ्यांदा मीच बोललो.

शिट्टी वाजली. आमच्या पोरांनी मला उचललं. वरून मला तो दिसला. मध्यरेषेवर तसाच उभा होता, हात अजून अर्धा वर. त्यानं भांडण केलं नाही. पंचांकडं गेला नाही. त्याच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तो नुसता माझ्याकडं बघत होता, अजून मी काही बोलेन म्हणून थांबल्यासारखा. मग त्याच्या संघातल्या एकानं त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला घेऊन गेला. काका गर्दीत होते की निघून गेले, हे बघायला मी तिकडं डोळेच नेले नाहीत.

कव्हरचा हात माझ्या हातात होता, हे मी वर सांगितलंय. पंचांनी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याची बोटं आवळली होती. म्हणजे झेप घे. दीड वर्षाचा सराव होता, मला कळलं होतं. मी 'नाही' म्हणाल्यावर ती ढिली पडली. आणि त्यानं हात सोडवून घेतला.

रात्री दिव्यांच्या उजेडात फायनल झाली. त्यात आम्हाला समोरच्यांनी असं धुतलं की सांगायची सोय नाही. तीन लोण बसले. माझ्या हातून एक पकड झाली नाही. बक्षीस समारंभात उपविजेते म्हणून संघाला ढाल आणि प्रत्येकाला स्टीलचा एकेक पेला मिळाला. त्यावर साल आणि 'उपविजेता' असं कोरलं होतं. सर खूश होते. दौंडसारख्या ठिकाणी दुसरा नंबर म्हणजे काही कमी नाही, असं ते सगळ्यांना सांगत होते.

त्या रात्री मी क्वार्टरवर गेलो नाही. सर म्हणाले, "जातोस का तिकडं?" मी म्हटलं, "नको, बरं वाटतंय आता." शाळेच्या फरशीवर झोपलो. शंटिंगचे आवाज इथंही येत होते. थंडी होती, म्हणजे काका आज पुन्हा रुळावर चालत असणार, हे डोक्यात येत होतं. शेजारी कव्हर पाठ करून पडला होता. बऱ्याच वेळानं तो तसाच, पाठ न वळवता म्हणाला, "लागला व्हता."

मी म्हटलं, "माहितीय."

तो पुढं काही बोलला नाही. मीही नाही. त्यानं पंचांना सांगितलं असतं का? मला वाटतं, ते त्याचं काम नव्हतं. ज्याला लागला त्यानं सांगायचं.

सोमवारी पहाटे सहाच्या गाडीसाठी स्टँडवर आलो. धुकं होतं. पोरं पेले एकमेकांवर वाजवत गाणी म्हणत होती. इतक्यात धुक्यातून सायकलवर तो आला. माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, आता चारचौघांत बोलणार. मी मनातल्या मनात उत्तरं तयार करायला लागलो.

त्यानं सायकल स्टँडला लावली, हँडलला अडकवलेली पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. आत वडलांचा तपकिरी मफलर होता. शनिवारी रात्री त्यांच्या खुंटीला अडकवलेला मी विसरलो होतो. धुऊन, चुलीपाशी वाळवून, घडी घातलेला. त्याच्याखाली कागदात बांधलेले चार लाडू.

तो म्हणाला, "आईनं दिलंय. विचारत होती, ताप उतरला का."

मी म्हटलं, "उतरला."

त्यानं मान डोलावली, सायकल काढली आणि गेला. त्याचं हे वाक्य खोचून बोललेलं होतं का, हे मी पुढं कितीदा तरी मनात घोळवून बघितलं. नव्हतं. आईनं निरोप दिला होता, तो त्यानं पोचवला. मी जर खरंच मनातून तसा विचार करत बसलो असेन, तर तो माझ्या मनाचा दोष.

घरी वडलांना उरलेले सहा रुपये आणि पेला दिला. त्यांनी पेला दोन-तीनदा फिरवून बघितला, अक्षरं वाचून घेतली आणि आईला म्हणाले, "पावण्यारावळ्याला ह्याच्यात पाणी देत जा." आई तसंच करायची. पाहुणा पेला हातात घेऊन वाचायचा, मग वडील सांगायचे, "थोरला खेळायला गेला व्हता दौंडला." मी त्या वेळी गोठ्यात जाऊन बसायचो. वडील गेले तोपर्यंत त्यांना मी खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते काही बोलले नसते, पेला मात्र फळीवरून काढला असता. तेवढं धाडस मला झालं नाही.

पाच-सहा वर्षांनी सोलापूरला जायचं काम निघालं. मुद्दाम दौंडला उतरलो. हातात चार किलो आमच्या रानातले कांदे होते. ते कसले द्यायचे, पण रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून घेतलेले. क्वार्टर सापडलं. दार दुसऱ्याच बाईनं उघडलं. म्हणाली, त्यांची बदली होऊन दोन वर्षं झाली. कुठं, ते तिला सांगता येईना. मनमाडकडं, एवढंच. परसातला बंब तोच होता. मी कांदे तिलाच देऊन आलो. तिला वाटलं असेल, माणूस वेडा आहे.

कव्हर पुढं गावीच राहिला, शेती करतो. आम्ही भेटतो, लग्नाकार्याला एकमेकांकडं जातो. त्या दिवसाचा विषय काढत नाही. एकदाच, त्याच्या पोराच्या बारशाला, पोर हातात देताना त्यानं माझं बोट पोराच्या मुठीत दिलं आणि म्हणाला, "बघ, किती आवळतंय." बस्स. मला कळलं.

आता आमच्या भागात यात्रेला कबड्डीचे सामने असतात. काही ठिकाणी मॅट आली. टीव्हीवर प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून, म्हणजे २०१४ नंतर, पोरांचा वेष बदलला, बूट आले, केस बदलले. टीव्हीवर शंका आली की पडद्यावर परत दाखवतात, हळूहळू, जवळून. मनगटाला बोट लागलं की नाही हे लाखो माणसं बघतात. चांगलंच आहे. पण यात्रेतल्या मैदानावर कॅमेरा नसतो. तिथं पंच असतो, आणि ज्याला लागला तो असतो.

गेली बरीच वर्षं मला पंच म्हणून बोलावतात. न दिसलेला हात आला की मी पोराजवळ जातो आणि विचारतो, "लागला का?" बरोबरचे पंच मला हसतात. म्हणतात, "मास्तर, नियमात नाही हे. आणि विचारायचंच तर एकदा विचारा, दोनदा कशाला?"

मी दोनदाच विचारतो. पहिल्यांदा मान हलते. ती मी धरत नाही. गर्दी ओरडत असते, दम लागलेला असतो, वय कोवळं असतं. मान कुणाचीही हलेल. मी थांबतो, त्याच्या तोंडाकडं बघतो आणि परत विचारतो. मग जे उत्तर येतं ते लिहून घ्यायला सांगतो, खरं असो की खोटं.

बहुतेक पोरं दुसऱ्यांदा विचारल्यावर हात वर करतात आणि मातीवरून चालत बाहेर जातात. जी करत नाहीत त्यांना मी काही बोलत नाही. त्यांच्या तोंडाकडं मात्र जरा जास्त वेळ बघतो. त्यांना वाटतं, मास्तर चिडले. मी चिडलेला नसतो.